पुणे ते बंगलोर भाड्याच्या घराचं शिफ्टिंग: महिना कसा निवडायचा आणि तारीख उलटी मोजत कशी काढायची

शिफ्टिंगबद्दल मला विचारणारे जवळजवळ सगळे एकाच क्रमाने चुकतात. ऑफर लेटर हातात पडलं की त्याच जोशात घरमालकाला नोटीस, मग बंगलोरला घर बघायची पळापळ, आणि शेवटी महिन्याच्या ३० नाहीतर ३१ तारखेला, त्यातून शनिवार आला तर विचारूच नका, मिळेल त्या भावात मिळेल ती गाडी. मग म्हणायचं पॅकर्सवाले लुटतात. लुटतात हे खरंय, पण त्या तारखेला गेलात तर लुटणारच ना.

क्रम उलटा पाहिजे. आधी महिना ठरतो, मग गाडी दाराशी लागायचा दिवस, आणि त्या दिवसापासून मागे मोजत मोजत नोटीस, घर, गॅस, आरटीओ सगळं बसवायचं. पुणे-बंगलोर मी सामानासकट तीनदा केलंय, त्यातलं एक सपशेल फसलेलं, म्हणून उदाहरण त्याच रस्त्याचं घेतोय. एनएच ४८, साधारण ८४० किलोमीटर. तुमचं नागपूर-पुणे किंवा मुंबई-हैदराबाद असेल तर तारखा बदलतील, क्रम बदलत नाही.

घाईत असाल तर उत्तर इथेच घ्या: शाळेत जाणारी मुलं नसतील तर नोव्हेंबरच्या मध्यापासून (दिवाळी आटोपलेली असली पाहिजे) फेब्रुवारीअखेरपर्यंत, ८ ते २० तारखेच्या मधला मंगळवार किंवा बुधवार. मुलं असतील तर एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. पण निदान टप्पा ३ वाचल्याशिवाय नोटीस देऊ नका.

## टप्पा १: कॅलेंडरवर आधी नको ते आठवडे खोडा

"चांगला महिना कोणता" असा विचार करत बसलं की काही ठरत नाही. वाईट आठवडे खोडत जा, जे उरतं ते तुमचं.

पावसाळा. आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे पुण्याचा, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरपर्यंत. पण सामान जाणार दोन शहरांतून आणि मधल्या रस्त्यावरून. रस्त्याचं म्हणाल तर खरा धोका जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ आहे. पंचगंगेला पूर आला की शिरोलीपाशी हायवेच पाण्याखाली जातो, ऑगस्ट २०१९ मध्ये झालं, जुलै २०२१ मध्ये परत झालं. माझं फसलेलं शिफ्टिंग २०१९ चंच. आम्ही बंगलोरला रिकाम्या घरात चटईवर झोपतोय, गाडी कोल्हापूरच्या अलीकडे उभी, आणि मूव्हर फोन उचलत नाही. चूक त्याची होती तितकीच माझी, ऑगस्टचा पहिला आठवडा मीच निवडला होता कारण "भाव कमी आहे".

दुसरी गंमत बंगलोरची. तिथे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला बेळंदूर आणि आऊटर रिंग रोडचा भाग कसा तुंबला होता ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे "पाऊस संपला, आता ऑक्टोबरात जाऊ" हा पुणेकराचा हिशोब तिकडे उतरल्यावर चुकतो. म्हणून मी नोव्हेंबरचा मध्य म्हणतो.

गणपती ते दिवाळी. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस कोकणात जाणाऱ्या गाड्या साताऱ्या-कोल्हापूरकडून वळतात, खंबाटकी घाट तुंबतो. विसर्जनाच्या दिवशी पुण्यात टेम्पो घराखाली आणायचं तर नावच काढू नका. दिवाळीच्या आसपास वेगळी अडचण, पॅकिंग करणारी पोरं गावाला जातात, बरीच यूपी-बिहारकडची असल्याने ती छठपूजा करूनच परततात, आणि मग मूव्हर जे कोणी हाताशी असेल त्याला पाठवतो. होळीलाही थोडंफार तेच. काचेची भांडी कशी गुंडाळायची हे ज्याला माहीतच नाही असा माणूस तुमच्या क्रोकरीला हात लावणार.

मेचा शेवट ते १५ जून. शाळा उघडायच्या आधी सगळ्यांना पोचायचं असतं. त्यात कंपन्यांचे अप्रेझल होऊन नोकऱ्या बदललेले लोक, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, सगळे एकदम. गाडीही महाग आणि बंगलोरला घरही.

मुहूर्ताचं गणित. हे दोन्ही राज्यांत चालतं आणि भाडेकरूच्या फायद्याचं आहे. पितृपक्षात आपल्याकडे लोक घर बदलत नाहीत. कर्नाटकात आषाढात नवीन घरात जायचं टाळतात, आणि धनुर्मासात, म्हणजे डिसेंबरचा मध्य ते संक्रांत, शुभकार्यं थांबतात. तुम्ही हे पाळत नसाल तर धनुर्मास म्हणजे लॉटरीच आहे: हवा कोरडी, रस्ता मोकळा, मूव्हर रिकामा, आणि फ्लॅट रिकामा ठेवून बसलेला मालक बोलणीला तयार. पितृपक्षातही भाव उतरतात पण बंगलोरचा पाऊस आडवा येतो, आषाढातही पाऊसच.

हिवाळ्याची एकच खोट सांगतो. सातारा-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात तेव्हा उसाचा हंगाम असतो, रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर. ट्रकवाल्याला सवय असते. तुम्ही स्वतःची कार घेऊन मागून जाणार असाल तर दिवसा चालवा.

> तपासा: घरातल्या कॅलेंडरवर वरचे सगळे आठवडे पेनाने खोडलेत का? मोबाईलमध्ये नको, भिंतीवरच्यावर, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल.

## टप्पा २: जॉइनिंगची तारीख आणि शिफ्टिंगची तारीख वेगळी करा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. १ जुलैला जॉइन व्हायचंय म्हणून २८ जूनला अख्खं घर हलवायचं, असं कोणी सांगितलंय? एकट्याने दोन बॅगा घेऊन जा, ऑफिसजवळ पीजीत किंवा मित्राकडे तीन-चार आठवडे काढा, तेवढ्यात एरिया कळतो, ऑफिसला पोचायला खरा किती वेळ लागतो ते कळतं. नकाशावरचे १२ किलोमीटर सिल्क बोर्डवरून (बंगलोरचा ट्रॅफिकसाठी बदनाम चौक) जात असतील तर ते १२ किलोमीटर नाहीत. घर आणि सामान नंतर, तुमच्या सोयीच्या महिन्यात.

कंपनी रिलोकेशनचे पैसे देणार असेल तर आधी एचआरला दोन गोष्टी विचारा. जॉइन झाल्यापासून किती दिवसांत क्लेम करावा लागतो, आणि बिल कसलं लागतं. बहुतेक ठिकाणी जीएसटी बिलच लागतं, कच्च्या पावतीवर पैसे मिळत नाहीत. क्लेमची मुदत हीच तुमची शेवटची तारीख, त्याच्या आधीच्या खोडलेल्या नसलेल्या आठवड्यांत बसवा.

मुलं असतील तर मात्र आधी शाळा, मग एरिया, मग घर, मग गाडी. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, कर्नाटकातल्या राज्य बोर्डाच्या शाळा मेअखेरीस उघडतात, आपल्याकडच्या जूनच्या मध्यात. बंगलोरच्या खासगी शाळांचे प्रवेश आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-डिसेंबरपासून चालू होतात, त्यामुळे एप्रिलमध्ये जायचं असेल तर शाळेला फोन दिवाळीच्या आसपास गेला पाहिजे. मार्चमध्ये फोन करणाऱ्याला "वेटिंग लिस्ट" ऐकायला मिळते.

दोन खाचा अशा आहेत की त्यात लोक पडतातच. एक, पहिलीच्या प्रवेशाचं वय महाराष्ट्रात ३१ डिसेंबर धरून मोजतात आणि कर्नाटकात १ जून, म्हणजे ऑक्टोबरात जन्मलेलं मूल इकडे पहिलीत बसतं आणि तिकडे अडू शकतं, तर शाळेला जन्मतारीख सांगूनच विचारा. दुसरी, सीबीएसईत बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे नववी झाल्यावर दहावीसाठी किंवा अकरावी झाल्यावर बारावीसाठी शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते. मूल नववीत किंवा अकरावीत जाणार असेल तर जायचं ते वर्ष सुरू व्हायच्या आधी, नाहीतर दोन वर्षं थांबून. मधल्या वर्षात घर हलवू नका, एकाने तिकडे राहायचं आणि बाकीच्यांनी इकडे, हे परवडलं.

कर्नाटकात सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे. त्यामुळे मूल मोठं असेल तर शाळेला पहिल्याच फोनवर विचारा की बाहेरून आलेल्यांना कन्नड कुठल्या पातळीपासून शिकवता. हे लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरतात आणि जूनमध्ये घरात रडारड.

> सावधान: शाळा सोडल्याचा दाखला शेवटच्या दिवसावर ठेवू नका. फी बाकी, लायब्ररीचं पुस्तक बाकी, क्लार्क सुट्टीवर, काहीतरी निघतंच. आणि मेमध्ये शाळेचं ऑफिस अर्धाच दिवस उघडं असतं.

## टप्पा ३: करार काढून वाचा, आठवणीवर जाऊ नका

पुण्यातला लिव्ह अँड लायसन्सचा रजिस्टर केलेला करार काढा आणि तीन ओळी शोधा: लॉक-इन (ज्या मुदतीत घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती, आणि नोटीस कुठल्याही तारखेला चालते की महिन्याच्या एक तारखेपासूनच मोजतात. ही तिसरी ओळ फार कमी लोक बघतात. १२ जानेवारीला नोटीस दिली आणि मालक म्हणाला फेब्रुवारीअखेरपर्यंतचं भाडं द्या, तर वाद घालायला काहीतरी लेखी असलं पाहिजे.

आता एक गोष्ट जी मला तिसऱ्या खेपेला कळली. ११ महिन्यांचा करार दर वेळी एक महिना मागे सरकतो. १ मेला केलेला करार ३१ मार्चला संपतो, पुढचा फेब्रुवारीअखेर, त्यापुढचा ३१ जानेवारी, चौथा ३१ डिसेंबर. म्हणजे मुलांच्या सुट्टीचं बघून मेमध्ये घरात शिरलेलं कुटुंब चार करारांनंतर शाळेच्या ऐन मध्यात घर शोधत असतं, आणि त्यांना वाटतं नशीबच खराब. बंगलोरलाही ११ महिन्यांचाच करार चालतो, ई-स्टॅम्प पेपरवर. तर तिकडचा करार करताना तो कुठल्या महिन्यात संपणार ते बोटांवर मोजा, आणि लॉक-इन सहा महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका. लॉक-इन संपल्यावर महिनाभराच्या नोटिशीवर निघता येत असेल तर संपायची तारीख कुठलीही असली तरी फारसं बिघडत नाही.

> तपासा: पुण्याचं लॉक-इन तुम्ही निवडलेल्या आठवड्याच्या आधी संपतंय का? नसेल तर आठवडा पुढे ढकला. लॉक-इन मोडायची किंमत स्वस्त गाडीच्या फायद्यापेक्षा जास्तच असते.

## टप्पा ४: हातात रोख किती, त्यावर महिना बदलतो

पुण्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट असतं. बंगलोरला पाच-सहा महिन्यांचं सर्रास मागतात, जुने मालक अजून दहा म्हणतात (म्हणू द्या, बोलणी करा). समजा भाडं ३२,००० आहे. सहा महिन्यांचं डिपॉझिट १,९२,०००, पहिलं भाडं ३२,०००, ब्रोकर असेल तर एक महिना म्हणजे आणखी ३२,०००. झाले २,५६,०००, आणि गाडी अजून धरलीच नाही. पुण्याचं डिपॉझिट मात्र घर रिकामं करून किल्ली दिल्यावर येणार. म्हणजे मधले काही दिवस दोन्ही डिपॉझिट तुमच्या खिशातून गेलेली.

म्हणून बोनसच्या आधीच्या महिन्यात शिफ्टिंग ठरवू नका, नंतरच्या महिन्यात ठरवा. एवढं साधं आहे. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरून पुढे सहा महिने हप्ते फेडणारे दोघेजण मला माहीत आहेत.

बंगलोरला घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची पद्धत आहे, ते जाताना कळतं. करारावर सही करायच्या आधी बोला.

## टप्पा ५: घर बघायचा मोसम आणि सामान न्यायचा मोसम

घर ज्या महिन्यात बघाल त्या महिन्यातले दोष दिसतात, बाकीचे लपतात. जानेवारीत बंगलोरचं कुठलंही घर छानच दिसतं. पाणी विचारा. २०२४ च्या मार्चमध्ये तिकडे बोअरवेल आटून टँकरवर दिवस काढले लोकांनी, पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वापरलं तर ५,००० दंड लावला होता. त्यामुळे हिवाळ्यात घर बघत असाल तर मालकाला विचारू नका, वॉचमनला आणि खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा: कावेरीचं (म्हणजे नळाचं) पाणी येतं की बोअर, उन्हाळ्यात टँकर किती, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे. एप्रिलमध्ये बघत असाल तर पाण्याचं आपोआप कळेल, तेव्हा उलट पावसाचं बघा, बेसमेंटच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का, बाथरूमलगतच्या भिंतीला पोपडे आहेत का, गल्ली रस्त्यापेक्षा खाली आहे का.

घर शोधायला गाडी निघायच्या दोन महिने आधी जाऊ नका. मालक १५-२० दिवसांपेक्षा जास्त घर अडवून ठेवत नाहीत, ठेवलं तर भाडं चालू करतात. साधारण ३५ दिवस आधी जा. त्या सुमाराला, आताच्या भाडेकरूने नोटीस दिलीय आणि पुढच्या महिन्यात रिकामी होणार आहेत अशी घरं बाजारात आलेली असतात, तीच तुम्हाला हवी आहेत. शुक्रवारी रात्री निघा, शनिवार-रविवार बघा, सोमवारी सकाळी दुसऱ्यांदा बघा, कारण सोमवारचा ट्रॅफिक रविवारी दिसत नाही.

> सावधान: फोटोवरून, व्हिडिओ कॉलवरून टोकन पाठवू नका. "अजून दोन पार्टी तयार आहेत" हे वाक्य प्रत्येक घराबरोबर फुकट येतं.

## टप्पा ६: महिना ठरला, आता तारीख आणि वार

महिन्याचे शेवटचे चार आणि पहिले तीन दिवस सोडा. शनिवार-रविवार सोडा. लाँग वीकेंडच्या आदल्या-मागच्या दिवशी नको. राहतं ते महिन्याच्या मधले मंगळवार, बुधवार, गुरुवार. बुधवारी गाडी निघाली की शुक्रवारी उतरते आणि पुढचे दोन दिवस सुट्टीचे, खोके उघडायला.

लोक म्हणतात मध्यावर गेलो तर दोन घरांचं भाडं पडेल. पडू दे. पुण्याचं भाडं २४,००० असेल तर दिवसाचे ८०० झाले, दहा दिवस दुहेरी म्हणजे ८,०००. त्या बदल्यात महिनाअखेरचा वाढीव भाव वाचतो, गाडी उशिरा आली तर हॉटेल लागत नाही, पुण्याचं घर शांतपणे झाडून-पुसून मालकाला दाखवता येतं आणि डिपॉझिटमधून "साफसफाई" म्हणून काही कापलं जात नाही. हे ८,००० मी डोळे मिटून देतो. आठ ते दहा दिवसांचा ओव्हरलॅप, यापेक्षा कमी नको आणि जास्तही नको.

दोन्हीकडच्या सोसायटीला वेळ विचारा. बऱ्याच सोसायट्या रविवारी शिफ्टिंग करू देत नाहीत, संध्याकाळी सहानंतर सर्व्हिस लिफ्ट बंद, बंगलोरच्या अपार्टमेंटमध्ये मूव्ह-इन चार्ज भरल्याशिवाय गेटवर गाडी आत घेत नाहीत. शिवाय शहरात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मोठ्या मालवाहू गाड्यांना बंदी असते, म्हणजे उतरवायला दुपारच मिळते. मेमध्ये त्याच दुपारी चारला वळवाचा पाऊस येतो. एप्रिल-मेमध्ये जाणाऱ्यांनी म्हणून ताडपत्रीची गाडी घ्यायचीच नाही, बंद बॉडीचीच.

## टप्पा ७: मूव्हर, मोसम बघून

तीन जणांना घरी बोलावून सामान दाखवा. फोनवर भाव देणारा माणूस गाडी भरताना भाव बदलतो. विचारायचं ते हे:

- गाडी पूर्ण की शेअरिंग? पूर्ण गाडी (वन बीएचकेला साधारण १४ फुटी, टू बीएचकेला १७ फुटी) दोन दिवसांत पोचते. शेअरिंगमध्ये चार ते आठ दिवस, आणि मध्ये गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात. हिवाळ्यात सामान थोडं असेल तर शेअरिंग चालेल. पावसाळ्यात अजिबात नको, गोदामातली ओल गादीला लागते.
- बिल्टी (माल नेणाऱ्याची पावती) कोणाच्या नावाची? ज्याने भाव दिला त्याच कंपनीच्या नावाची पाहिजे, सामानाच्या यादीसकट.
- इन्शुरन्स कोणाचा? "आमचाच आहे" हे उत्तर नाही. विमा कंपनीची पॉलिसी किंवा सर्टिफिकेट दाखवा म्हणा, आणि पुराने गाडी अडकली, पाणी शिरलं तर धरतात का ते वाचा.
- उशीर झाला तर? दिवसाला किती कापणार ते कोटेशनवर लिहून घ्या. लिहायला तयार नसेल तर त्याला स्वतःलाच तारखेची खात्री नाही.

बिलात ऑक्ट्रॉय, एन्ट्री टॅक्स असं काही दिसलं तर खोडायला सांगा, जीएसटी आल्यापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून, ते नाहीच. वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्याचेही पैसे मागणारे भेटतात. वाटेत फोन करून "चेकपोस्टला अडवलंय, ५,००० पाठवा" म्हणणारा मूव्हर चेकपोस्टवर नसतो, चहाच्या टपरीवर असतो.

> तपासा: ॲडव्हान्स किती, गाडी भरल्यावर किती, उतरवल्यावर किती, हे कागदावर आहे का? शेवटचा चांगला मोठा हिस्सा सामान उतरेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.

## टप्पा ८: आता उलटी मोजणी

समजा गाडी १२ फेब्रुवारीला निघणार.

नोव्हेंबरअखेर: टप्पा १ ते ४. फक्त कागद-पेन, पैसे काही जात नाहीत.

डिसेंबरचा मध्य: घरच्यांची रेल्वेची तिकिटं. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, उद्यान एक्सप्रेसच्या एसी बोगीसाठी त्याच दिवशी बसा. सामान गाडीत, तुम्ही रेल्वेत, आणि तुम्ही सामानाच्या आधी पोचायचं.

जानेवारीचा पहिला आठवडा: बंगलोरला घर. भाडं ५ फेब्रुवारीपासून चालू करा असं बोला, १ पासून नको.

टोकन दिल्यावर लगेच: पुण्याच्या मालकाला नोटीस, मेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर, तारखेसकट. टोकनच्या आधी नाही. घर मिळालं नाही तर नोटीस एक आठवडा थांबते आणि गाडीही एक आठवडा पुढे जाते, बस. नोटीस आधी दिली असती तर ही सोय राहत नाही.

१५ ते २० जानेवारी: मूव्हरचं बुकिंग. कार किंवा बाईक नेणार असाल तर आरटीओची एनओसी (फॉर्म २८) इथेच काढायला घ्या, गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचं पत्र. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवायची तर तिकडचा नंबर घ्यावा लागतो आणि तिकडचा रोड टॅक्स भरावा लागतो. बंगलोरहून एनओसीसाठी पुण्याला खेपा मारणारे लोक बघितलेत मी.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा: सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, तिकडे नवीन कनेक्शनला लागतं. मधले दिवस इंडक्शनवर काढा. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये ठेवायचा नाही, मूव्हर "चालतंय" म्हणाला तरी. एसी असेल तर काढणाऱ्याला आधी सांगून ठेवा, फेब्रुवारीत लगेच येतो, एप्रिल-मेमध्ये हाच माणूस आठ दिवस फोन घेत नाही.

१० आणि ११ फेब्रुवारी: फ्रिज बंद करून कोरडा, वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरणारे; हरवले असतील तर मेकॅनिकला विचारा, नाहीतर ड्रम हलतो), दागिने, मूळ कागदपत्रं, शाळेचे दाखले तुमच्या बॅगेत. शिवाय एक खोका "आधी उघडा" म्हणून: चहाचं भांडं, चादरी, टूथपेस्ट, एक्स्टेन्शन बोर्ड, कात्री, आणि नवीन घरात दूध उतू घालायचं पातेलं. हे तिकडेही करतात, शेजारीण बघायला येते आणि ओळख होते.

## पावसाळ्यातच जावं लागलं तर

बदली झाली, मालकाने घर विकलं, पर्याय नाही. मग भाव बघायचा नाही. पूर्ण गाडी, बंद बॉडी, गादीला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि तिची तोंडं टेपने बंद. पुस्तकं, कपडे खोक्यात नकोत, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये किंवा बॅगेत. प्लायवूडचं कपाट असेल तर खोलून नेऊ नका असं मी म्हणेन, विकून टाका, भिजलं की फुगतं आणि परत जुळत नाही. निघायच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याची पातळी बातम्यांत बघा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ च्या दिशेने चढतंय असं दिसलं तर गाडी भरूच नका, पुण्यात दोन दिवस थांबलेली गाडी हायवेवर पाच दिवस अडकलेल्या गाडीपेक्षा स्वस्त. दोन घरांच्या ओव्हरलॅपच्या दहा दिवसांचा उपयोग तेव्हा होतो.

## टप्पा ९: उतरवताना

नग मोजा, यादीवर टिक करा, मग सही. फुटलेलं काही दिसलं तर बिल्टीवरच लिहा आणि हमालांच्या समोर फोटो काढा, "नंतर बघू" म्हणून सही करणाऱ्याचा क्लेम तिथेच कमजोर होतो. वाहतूकदारावर नुकसानीचा दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते, त्यामुळे तोंडी भांडणात महिने घालवू नका. फ्रिज लगेच चालू करू नका, तीन-चार तास उभा राहू द्या.

आणि पुण्याची किल्ली देताना वीज मीटरचा, पाइप गॅस असेल तर त्याच्याही मीटरचा फोटो काढून मालकाला तिथेच पाठवा. डिपॉझिट कधी आणि कुठल्या खात्यात, हे त्याच मेसेजमध्ये लिहून त्याच्याकडून "ओके" घ्या, मग जिना उतरा.